नाकारायचं ते स्वतःला

आमच्या मंडळीच्या तरुण संघातली मुलं अधूनमधून घरी येतात. चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग कोणीतरी विचारतंच, "बाई, एवढं सगळं होऊनही तुमचा विश्वास टिकला कसा?" तोंडी उत्तर दिलं की काही ना काही राहून जातं, म्हणून यावेळी लिहून काढते आहे.

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास आला तो माझ्या पणजोबांच्या पिढीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं, आता निवृत्त आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात प्रभू सांगतो, की ज्याला माझ्यामागे यायचं आहे त्यानं स्वतःला नाकारावं आणि आपला वधस्तंभ रोज उचलावा. लहानपणापासून हे वचन एवढ्या वेळा ऐकलं, की त्यावरचे संदेश पाठ झाले. पण त्यातलं "स्वतःला" कळायला मला अर्धं आयुष्य लागलं. पुढं जे लिहिलं आहे ते बहुतेक त्याच्याभोवतीच फिरतं.

१. मन लागायची वाट पाहू नका, वेळ पाळा

१९७२च्या दुष्काळात मी प्राथमिक शाळेत होते. विहिरीनं तळ गाठला, बैल विकले गेले आणि नाना (आमचे वडील) आणि आई दोघंही दुष्काळी कामावर जाऊ लागले. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. खडी फोडताना बोटं सोलून निघू नयेत म्हणून आई सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बोटांना बांधायची. तरी नखं काळीनिळी व्हायचीच. कामावर सुकडी मिळे, ती आम्हा मुलांसाठी पदराच्या गाठीत बांधून यायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे. सगळे तिला मिलो म्हणत. तिच्या पिठाला चिकटाच नाही. भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरत जायची आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे झालेले असायचे.

अशा दिवसांतही रात्री कौटुंबिक प्रार्थना चुकली नाही. जेवणं झाली की नाना चिमणी जवळ ओढायचे, कुडाला टांगलेल्या पिशवीतून बायबल काढायचे आणि एक अध्याय वाचायचे. मग एखादं भजन, मग प्रार्थना. रॉकेल संपलेलं असलं तर पाठ असलेलं स्तोत्र म्हणायचे. आई भिंतीला टेकून बसायची आणि पहिल्या दहा ओळींतच तिची मान खाली यायची. नानांनी तिला कधी उठवलं नाही. आवाज थोडा खाली आणायचे आणि अध्याय पुरा करायचे. थोरल्या भावानं एकदा विचारलं, "आई झोपली, मग तिची प्रार्थना झाली का?" नाना म्हणाले, "ती बसली ना आपल्यात? झाली."

आज मुलं मला सांगतात, "प्रार्थनेला बसतो, पण मन लागत नाही." मी म्हणते, बसता ना? मग बसत राहा. मन लागणं आपल्या हातात नाही, ठरल्या वेळेला येऊन बसणं आहे. नाना-आईच्या अंगात त्या काळी भक्तीचा उमाळा यायला त्राणच कुठं होतं? तरी घरातलं सगळं विस्कटत असताना ती एक वेळ जागेवर राहिली आणि आम्ही भावंडं तिला धरून राहिलो. पुढं माझ्या संसारात नोकरी, बदल्या, आजारपणं असं सगळं आलं तेव्हा नवीन काही शोधावं लागलं नाही. रात्री जेवणानंतर बसायचं, एवढं ठाऊक होतं.

२. आपल्या ताटातलं द्या

आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांतून जुनी रीत होती. दळण काढताना किंवा स्वयंपाकाला धान्य घेताना त्यातली एक मूठ देवासाठी वेगळ्या गाडग्यात टाकायचं. रविवारी ते मंडळीत जाई आणि तिथून एखाद्या निराधार म्हातारीच्या घरी पोचे. दुष्काळात बऱ्याच घरांनी ही मूठ थांबवली. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कोण ठेवील? आईनं मात्र थांबवली नाही.

तेव्हा न कळलेली एक गोष्ट नंतर आठवून आठवून माझ्या लक्षात आली. ती मूठ आमच्या वाटणीतून जात नव्हती. आई भाकरी वाढायची तेव्हा मुलांच्या ताटात ठरलेलीच पडायची, नानांच्याही. ज्या दिवशी गाडग्यात मूठ गेली त्या दिवशी कमी व्हायची ती तिची. ती शेवटी जेवायची, त्यामुळे कुणाला दिसत नसे. दुष्काळात एलियाला भाकर करून देणाऱ्या सारफथच्या विधवेची गोष्ट १ राजे १७मध्ये आहे. त्या गोष्टीत मडक्यातलं पीठ सरत नाही. आमच्या घरात पीठ सरायचं. आई उधार आणायची, पुन्हा फेडायची. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. तिनं दिलं, आणि जे दिलं ते तिचं स्वतःचं होतं, एवढं मी सांगू शकते.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्यागाविषयी मी जे काही शिकले त्यातलं पहिलं आणि सगळ्यात नेमकं तिच्याकडून शिकले, असं मी आजही मानते.

३. नानांचा निर्णय आणि दादाचं आयुष्य

हे लिहायला मला जड जातं, पण हे सोडून बाकी लिहिण्यात अर्थ नाही.

संविधान (अनुसूचित जाती) आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. पुढं १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं गेलं. ख्रिस्ती झालेले दलित, म्हणजे आमच्यासारखी घरं, आजही बाहेर आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयात याचिका वर्षानुवर्षं चालू आहेत. २०२२मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. दर १० ऑगस्टला देशभर ख्रिस्ती लोक काळा दिवस पाळतात, पण गावोगावच्या कितीतरी लोकांना त्यामागचं कारणही माहीत नसतं.

हे झालं कायद्याचं. गावात काय होत होतं ते सांगते. आमची वस्ती गावाच्या ज्या अंगाला होती त्याच अंगाला राहिली. बाप्तिस्मा झाला म्हणून वरच्या आळीच्या पाणवठ्यावर आम्हाला कुणी बोलावलं नाही. वागणूक जुन्या जातीची आणि कागद नव्या धर्माचा, अशी आमच्या लोकांची गत. त्यामुळे पुष्कळ घरांनी मधला मार्ग काढला. शाळेत नाव घालताना धर्म हिंदू आणि जात जुनी लिहायची, रविवारी मात्र उपासनेला यायचं.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, पहिलीत घालताना मास्तरांनी नानांना हेच सुचवलं. भल्यासाठीच सुचवलं. म्हणाले, "पोराचं पुढं सोपं जाईल." नानांनी मान हलवली आणि म्हणाले, "ख्रिस्ती लिहा."

दादा हुशार होता. अकरावी झाल्यावर रेल्वेच्या जागा निघाल्या. वस्तीतल्या त्याच्या बरोबरीच्या दोघांनी राखीव जागांवर अर्ज केले आणि ते लागले. दादाचा अर्ज खुल्या जागेवर गेला. तो लागला नाही. दाखला बदलून आणून देतो, असं सांगणारा एक पुढारीही घरी येऊन गेला. नानांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि नाही म्हणाले. दादा मार्केट यार्डात पोती उचलायला लागला. पुढं गवंडीकाम शिकला आणि चांगला मिस्तरी झाला. पण पाठ कायमची गेली. कितीतरी वर्षं नानांशी तो कामापुरतंच बोलायचा. मला एकदा म्हणाला, "नानांनी त्याग केला म्हणतात सगळे. केला खरा, पण माझ्या नावावर."

मी यावर अनेक वर्षं विचार केला आहे. नाना खोटं लिहायला तयार नव्हते, त्याचा मला अभिमान आहे. येशूचं नाव घ्यायचं आणि सहीच्या वेळी लपवायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. पण दादाचंही म्हणणं खरं आहे. किंमत नानांनी ठरवली आणि चुकती दादानं केली. नानांना हे कळत नव्हतं असं नाही. दादाच्या गवंडीकामाची हत्यारं घ्यायला त्यांनी स्वतःची सायकल विकली आणि पुढं म्हातारपणापर्यंत शेतावर पायी गेले. ते त्याबद्दल बोलले नाहीत, दादानंही विचारलं नाही.

ज्यांनी कागदावर दुसरा धर्म लिहिला त्यांच्याविषयी आमच्या मंडळीत पूर्वी कडू बोललं जायचं, "रविवारपुरते ख्रिस्ती" म्हणून. मला ते कधीच रुचलं नाही. उपाशी माणसाला भाकरी आणि नाव यांतलं एक निवडायला लावतो तो कायदा. दोष द्यायचा तर तिथं द्यावा, आणि तो बदलावा म्हणून सनदशीर मार्गानं मागणी करत राहावं. ते काम विश्वासाच्या बाहेरचं नाही. त्याच माणसांपैकी एकानं दादाच्या पाठीच्या ऑपरेशनला पैसे दिले होते. रेल्वेत लागलेल्या त्या दोघांमधला एक.

आता दादाच्या मुलाला मुलगी झाली आहे. तिचा दाखला काय लिहायचा हा प्रश्न पुन्हा घरात आला. दादा मुलाला म्हणाला, "तू ठरव. मी काही बोलणार नाही." मुलानं ख्रिस्ती लिहिलं. त्याला ते कुणी लिहायला लावलं नाही, यातच मला समाधान आहे.

४. मार सोसणं म्हणजे वधस्तंभ नव्हे

आमच्या वस्तीत एक बाई होती. नवरा दारू पिऊन मारायचा. पंच मंडळींकडे गेली तर तिला सांगण्यात आलं, की बाई, हा तुझा वधस्तंभ आहे, प्रभूनंही सोसलं, तूही सोस. ती कित्येक वर्षं सोसत राहिली. अखेर एका पाळकबाईंनी तिला आणि मुलांना माहेरी नेऊन सोडलं, पोलिसांत तक्रार द्यायला बरोबर गेल्या, आणि मंडळीतल्या काहींचा रोष ओढवून घेतला.

मी शिक्षिका म्हणून गावोगाव राहिले आणि हे वाक्य मला किती ठिकाणी ऐकायला मिळालं! नेहमी बाईला सांगितलेलं, नेहमी दुसऱ्याच्या सोयीसाठी. वधस्तंभ उचलायला प्रभूनं सांगितलं आहे, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायला नाही. त्यानं स्वतःचा जीव स्वतःहून दिला. योहानाच्या शुभवर्तमानात तो हे स्पष्ट सांगतो, की माझा जीव माझ्याकडून कुणी हिसकावून घेत नाही. ज्या सोसण्यात स्वतःहून दिलेलं काहीच नाही आणि ज्यातून कुणाचंच भलं होत नाही, तो अन्याय असतो. त्याला आध्यात्मिक नाव दिलं की अन्याय करणाऱ्याचं फावतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी मुलींना याच कारणासाठी सांगते. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढं भाऊ गेला, लग्नानंतर दोनच वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात लहान मनोरमा. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. एवढं सोसलेली बाई विधवांना "सोसा" असं सांगू शकली असती. तिनं १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आली आणि दौंडजवळच्या केडगावला, मुक्ती सदनात, त्यांना वसवलं. त्यांना लिहायला शिकवलं, शेती शिकवली, विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. स्वतःच्या आयुष्याची सगळी सोय तिनं नाकारली. दुसऱ्या बाईचं दुःख मात्र तिनं तिचं नशीब म्हणून सोडून दिलं नाही. माझ्या मते ख्रिस्ती आत्मत्यागाचं इतकं स्वच्छ उदाहरण महाराष्ट्राच्या मातीत दुसरं नाही.

५. घरच्यांना ओढू नका

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आम्ही दर रविवारी गातो. ते काही काळ आमच्या बाजूला, राहुरीला राहिले, म्हणून आमच्याकडच्या जुन्या माणसांना ते घरचेच वाटायचे. फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या निर्णयाचा घाव बसला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. लहान मुलाला घेऊन त्या कित्येक वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि लोकांचं बोलणं वेगळंच. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे ज्यांनी वाचलं आहे त्यांना ते दिवस मी सांगायला नको.

पण दोघं पुन्हा एकत्र आली तेव्हा टिळकांनी बायकोला धर्म बदलायची सक्ती केली नाही. सोवळंओवळं पाळायचं तर पाळ म्हणाले. त्यांच्याच घरात लक्ष्मीबाईंची वेगळी चूल चालली. हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचारानं, जातीभेदाची एकेक गाठ सुटत गेली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनी टिळकांपेक्षा काकणभर जास्तच सोसलं, कारण टिळक हातात येईल ते देऊन टाकायचे आणि घर चालवायचं बाईंना. १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि अध्यायामागून अध्याय लिहीत नेलं. शाळेत न गेलेली बाई! उसन्या विश्वासावर एवढं होत नाही.

माझा मुलगा पुण्याला असतो. चांगला आहे, प्रेमळ आहे, गरजूला मदत करतो. चर्चला जात नाही. माझ्या वयाच्या बायका मला विचारतात, "तुमचा मुलगा दिसत नाही हो?" आणि त्या प्रश्नात काय असतं ते मला कळतं. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते. ती करायला त्याची परवानगी लागत नाही. पण फोनवर मी त्याला चर्चवरून बोलत नाही. त्याच्या घरी गेले की रात्री जेवणानंतर माझ्या खोलीत बसून माझा अध्याय वाचते. दार उघडं असतं. मागच्या खेपेला नात येऊन मांडीवर बसली आणि पुढच्या रात्री पुन्हा आली. तिचा बाप बाहेर टीव्ही बघत होता. मी दोघांनाही काही म्हटलं नाही. आई म्हणून आवरता येणं ही माझ्यासाठी उपासापेक्षा अवघड गोष्ट आहे.

६. उपासाविषयी थोडंसं

लेंटच्या चाळीस दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी चहा. सोडावं. पण वाचलेल्या पैशाचं काय झालं, हे विचारलं की बरेचजण गप्प होतात. यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास कोणता ते सांगितलं आहे. त्यात ताटातला पदार्थ कमी करण्यापेक्षा भुकेल्याला वाढण्यावर आणि जखडलेल्याला सोडवण्यावर भर आहे. मी एवढंच सुचवीन: चहा सोडलात तर त्या पैशाचा हिशेब ठेवा आणि ईस्टरच्या आधी कुणाच्या तरी हातात घाला.

आणखी एक सोडण्यासारखं आहे आणि ते मटणापेक्षा जुनं आहे. आमच्या मंडळीत आजही सोयरीक जुळवताना कुजबुजत विचारलं जातं, "मूळचे कोण?" चार-पाच पिढ्या प्रभुभोजनाच्या एका मेजावर बसलेली माणसं मुलीच्या लग्नाच्या वेळी जुनी उतरंड शोधतात. कायद्याकडे न्याय मागताना आपल्या घरातली ही गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे. मला ती फार टोचते.

७. मन कोरडं पडतं तेव्हा

माझे पती गेले त्यानंतर बराच काळ मला प्रार्थना करता आली नाही. राग नव्हता, तक्रारही नव्हती, नुसतं कोरडं. रात्री बायबल उघडायचे आणि ओळी डोळ्यांखालून जायच्या. उपासनेला गेले की मागच्या बाकावर, दाराशी बसायचे. पेटी-तबल्यावर भजन सुरू व्हायचं, बाकीचे गायचे, माझ्या घशातून सूर निघायचा नाही. शेजारची एक म्हातारी मोठ्यानं, बेसूर गायची. तिला माहीत नव्हतं, पण त्या काळात माझं भजनही तीच म्हणत होती. मंडळी कशासाठी असते याचं माझ्यापुरतं हे उत्तर आहे. घरी बसून मोबाइलवर संदेश ऐकता येतात आणि मीही ऐकते, पण आपला सूर बंद झाल्यावर आपल्या वतीनं गाणारी माणसं तिथं मिळत नाहीत.

त्या दिवसांत रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांविषयी पुन्हा वाचलं. साध्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबल असावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षं भाषांतराला दिली. कानांनी नीट ऐकू येत नव्हतं, प्रकृती खचली होती. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. ती एकुलती एक मुलगी, आणि कामात त्यांचा उजवा हात. आपल्यानंतर मुक्तीचं सगळं तीच पाहील असं त्यांच्या मनात होतं. त्या वेळी रमाबाईंच्या मनात काय चाललं असेल ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी भाषांतराचं काम सोडलं नाही आणि ५ एप्रिल १९२२ रोजी जाण्याआधी ते पुरं केलं. मुक्तीच्याच बायकांनी छापलेलं ते बायबल १९२४ साली बाहेर आलं.

मी मुक्तीएवढं काम करणारी नव्हे. माझ्यापुढं शब्बाथ शाळेतली पोरं होती, त्यांचे पाठ तयार करायचे होते. ते करत राहिले. दाविद आणि गल्याथ, हरवलेलं मेंढरू, त्याच त्या गोष्टी. दुसऱ्याला सांगता सांगता एखाद्या रविवारी एखादं वाक्य माझ्याच आत उतरायचं. कधी उतरायचं नाही. प्रार्थना कोणत्या दिवशी परत आली ते मला सांगता येत नाही. एका रात्री लक्षात आलं, की मी आपसूक बोलते आहे.

८. आधी जेवा, झोपा

शेवटचं, आणि हे खास करून त्या मुलामुलींसाठी, ज्यांना मंडळीतली सगळी कामं सांगितली जातात कारण ती नाही म्हणत नाहीत.

१ राजे १९मध्ये एलिया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर विजय मिळवून आलेला. देवदूत त्याला काय सांगतो ते वाचा. उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही. ऊठ, खा, एवढंच. एलिया खातो, पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपूही देतो. मग पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो, कारण वाट लांबची आहे. देवाचं बोलणं होतं ते त्यानंतर, होरेबला पोचल्यावर.

स्वतःला नाकारायचं म्हणजे शरीराचे हाल करायचे असं काही जणांना वाटतं. आईची बोटं मी पाहिली आहेत, दादाची पाठ पाहिली आहे. शरीर मोडतं तेव्हा त्याची किंमत घरातले बाकीचे मोजतात. ज्या त्यागाचं बिल शेवटी बायकोला, आईला किंवा मुलांना भरावं लागतं, तो करण्याआधी त्यांना विचारा.

आमच्या शब्बाथ शाळेत शिकवणारी एक मुलगी आहे. दिवसभर कंपनीत नोकरी, घरी आजारी वडील, शनिवारी गायनमंडळाचा सराव, रविवारी सकाळी वर्ग, दुपारी वस्तीवरची प्रार्थनासभा. एका रविवारी पाठ सांगता सांगता तिला रडू फुटलं आणि ती मलाच म्हणाली, "बाई, माझा विश्वास कमी पडतोय का?" मी तिला विचारलं, पोटभर कधी जेवलीस आणि पुरती झोप कधी झाली? तिला सांगता येईना. तिचा वर्ग मी घेतला, वस्तीवरच्या सभेला दुसऱ्या दोघांना पाठवलं आणि पाळकसाहेबांना सांगितलं, की हिला काही महिने कोणतंही काम सांगायचं नाही. त्यांना ते पटलं. आता ती रविवारी येते, मागच्या बाकावर बसते, भजन म्हणते आणि उपासना संपली की वडिलांचं जेवण करायला वेळेवर घरी जाते. तिचा वर्ग मी चालवते आहे. तिला हवा असेल तेव्हा ती मागेल.